पेसमेकर पेशी स्वतःहून ठोका कसा तयार करते: एका ठोक्याचा पायरीपायरीने मागोवा

हृदयाच्या सगळ्या नसा तोडल्या, ते शरीराबाहेर काढले आणि ऑक्सिजन, ग्लुकोज व योग्य क्षार असलेले कोमट द्रावण त्याच्या रक्तवाहिन्यांतून फिरवत ठेवले, तरी ते तासन्‌तास धडकत राहते. त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. ठोका उठतो तो उजव्या अलिंदाच्या, म्हणजे हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याच्या, भिंतीत बसलेल्या चिमूटभर पेशींमधून. त्यांना पेसमेकर पेशी म्हणतात.

या लेखात अशी एकच पेशी आणि तिचा एकच ठोका घेऊन तो खालपासून वरपर्यंत पाहायचा आहे. आलेखाचा कागद जवळ असेल तर काढत काढत वाचा. आडव्या अक्षावर ० ते ८०० मिलिसेकंद आणि उभ्या अक्षावर पेशीचे व्होल्टेज, म्हणजे पेशीपटलाच्या बाहेरच्या तुलनेत आतल्या बाजूचा विद्युत फरक, उणे ७० ते अधिक २० मिलिव्होल्ट घ्या. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील तर एका ठोक्याच्या वाट्याला बरोबर ८०० मिलिसेकंद येतात.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. ठोक्यांचा वेग तीन गोष्टींवर ठरतो: व्होल्टेजचा चढ कुठून सुरू होतो, तो किती उभा आहे आणि उंबरठा, म्हणजे जिथे पोचल्यावर ठोक्याची उसळी सुटते ते व्होल्टेज, कुठे आहे. औषध असो, ताप असो, व्यायाम असो, तो या तिघांपैकी कशाला हात लावतो एवढे शोधले की उत्तर पाठ करावे लागत नाही.

जागा आणि पेशी

वरची महाशीर जिथे उजव्या अलिंदाला मिळते, त्या सांध्यापाशी चंद्रकोरीच्या आकाराचा एक पट्टा असतो. त्याला एसए (सायनोएट्रियल) नोड म्हणतात. प्रौढ माणसात तो साधारण १ ते २ सेंटीमीटर लांब आणि काही मिलिमीटर रुंद असतो. आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली त्याचे वर्णन केले. त्याला रक्त देणारी धमनी साधारण ६० टक्के लोकांत उजव्या कोरोनरी धमनीतून आणि उरलेल्या बहुतेकांत डाव्या सर्कमफ्लेक्स शाखेतून निघते. म्हणूनच उजव्या कोरोनरीतला अडथळा पुष्कळदा मंद ठोक्यांसोबत समोर येतो.

या पेशी लहान आणि फिकट असतात. आकुंचनाचे तंतू त्यांच्यात थोडेच असतात, कारण ओढण्याचे काम त्यांचे नाही. पण खरा फरक त्यांच्याकडे काय नाही यात आहे. निलयाच्या, म्हणजे खालच्या कप्प्याच्या, स्नायूपेशीत आयके१ नावाचा पोटॅशियम प्रवाह भरपूर असतो. तो पेशीला दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ८५ ते ९० मिलिव्होल्टवर घट्ट धरून ठेवतो. पेसमेकर पेशीत हा प्रवाह जवळजवळ नसतो. तिला धरून ठेवणारे कोणी नाही, म्हणून तिला स्थिर विश्रांतीचे व्होल्टेजही नाही. ती खाली येते ती उणे ६० च्या आसपास, आणि आली की लगेच पुन्हा वर सरकू लागते.

नोडच्या मध्यभागच्या पेशींत वेगवान सोडियम चॅनेलही (चॅनेल म्हणजे पेशीपटलातली आयनांची, विद्युतभार असलेल्या कणांची, दारे) जवळपास नसतात. त्याचे परिणाम पुढे दिसतील.

आयन कोणत्या दिशेने ओढतात

पायऱ्यांआधी ही आकडेमोड समजून घ्या. पेशीच्या आत पोटॅशियम सुमारे १४० मिलिमोल प्रति लिटर आणि बाहेर ४. त्यामुळे पोटॅशियमची वाट मोकळी झाली की व्होल्टेज उणे ९५ कडे ओढले जाते. सोडियम बाहेर सुमारे १४० आणि आत १० च्या आसपास असतो, म्हणून तो अधिक ७० कडे ओढतो. मुक्त कॅल्शियमचा फरक तर दहा हजार पटींहून मोठा असतो. त्याची ओढ अधिक १२० च्याही पुढे जाते. कोणत्या क्षणी कोणाचे दार किती उघडे आहे, त्यावर व्होल्टेज कुठे जाईल हे ठरते.

पायरी १: तळ, आणि पोटॅशियमची माघार

आलेखावर शून्य मिलिसेकंदाला उणे ६० वर ठिपका द्या. मागच्या ठोक्याच्या शेवटी व्होल्टेज खाली आणण्यासाठी पोटॅशियमचे चॅनेल उघडले होते. ते तळाशी पोचल्यावर झटकन बंद होत नाहीत, हळूहळू मिटतात. बाहेर जाणारा पोटॅशियम क्षणाक्षणाला घटतो आणि आत येणारी सोडियमची बारीक गळती मात्र चालूच असते. तोल आतल्या बाजूने झुकतो. चढ सुरू करायला नवा प्रवाह लागतोच असे नाही, जुना ओसरला तरी पुरते. पाठ्यपुस्तकांत हा भाग एका ओळीत उरकलेला असतो, पण पेशीच्या दृष्टीने सुरुवात इथेच होते.

पायरी २: उलट्या स्वभावाचा प्रवाह

हृदयातले बहुतेक चॅनेल व्होल्टेज वर गेले की उघडतात. एचसीएन४ हा चॅनेल व्होल्टेज खाली गेले की उघडतो. १९७९ साली सशाच्या एसए नोडवर काम करताना ब्राऊन, डीफ्रांचेस्को आणि नोबल यांनी या प्रवाहाचे वर्णन केले. त्याची वागणूक इतकी विचित्र वाटली की त्याला ‘फनी करंट’ हे नाव पडले आणि ते आजही चालते.

साधारण उणे ४५ च्या खाली गेल्यावर तो उघडायला लागतो आणि जितके खाली जाल तितका अधिक उघडतो. त्यातून सोडियम आत येतो, पोटॅशियम बाहेर जातो. पण या व्होल्टेजला सोडियमची ओढ फार मोठी असल्याने एकूण हिशेब आत येणाऱ्या धन विद्युतभाराचा होतो. या स्वभावात एक सोय आहे. पेशी जितकी जास्त खाली दाबली जाते, तितका तिला वर काढणारा प्रवाह वाढतो. खूप खोल गेलेली पेशी अडकून बसत नाही.

या चॅनेलची आणखी एक खुबी लक्षात ठेवा. त्याच्या आतल्या टोकाला सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू थेट चिकटतो. चिकटला की चॅनेल कमी खोलीवरच, म्हणजे अधिक सहज, उघडतो. मज्जासंस्थेचा हात इथपर्यंत पोचतो.

पायरी ३: कॅल्शियमची पहिली दारे

व्होल्टेज उणे ५५ च्या आसपास आले की दोन प्रकारचे कॅल्शियम चॅनेल कुरकुरत उघडतात. एक टी प्रकारचा आणि दुसरा एल प्रकारातला कॅव्ह १.३. एल प्रकारचे चॅनेल बऱ्याच वरच्या व्होल्टेजला उघडतात असे आपण शिकतो. ते निलयातल्या कॅव्ह १.२ ला लागू आहे. कॅव्ह १.३ त्याच्या बराच आधी जागा होतो, म्हणूनच चढाच्या उत्तरार्धात त्याचे वजन मोठे आहे. हा चॅनेल कानातल्या केसपेशींनाही लागतो. त्याचे जनुक दोन्ही प्रतींत निकामी असेल तर जन्मतः बहिरेपण आणि मंद ठोके एकाच माणसात एकत्र दिसतात.

पायरी ४: आतली कोठी आणि तिचे घड्याळ

पेशीच्या आत सार्कोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाची कॅल्शियमची कोठी असते. चढाच्या शेवटच्या टप्प्यात पेशीपटलाच्या लगतच्या रायनोडिन रिसेप्टरमधून, म्हणजे कोठीच्या दारांमधून, कॅल्शियमचे छोटे छोटे फवारे सुटतात. हा कॅल्शियम बाहेर टाकायला पटलावर सोडियम-कॅल्शियम अदलाबदल करणारे प्रथिन बसलेले असते. ते एक कॅल्शियम बाहेर टाकते आणि तीन सोडियम आत घेते. कॅल्शियमवर दोन धन भार, तीन सोडियमवर तीन. म्हणजे दर फेरीला एक धन भार आत जमा होतो. कॅल्शियम बाहेर जात असूनही व्होल्टेज वर चढते, यात गोंधळू नका. भार मोजा, दिशा आपोआप कळेल.

ठोका संपल्यावर सर्का हा पंप कोठी पुन्हा भरतो. ती भरायला लागणारा वेळ हेच या यंत्रणेचे घड्याळ. पटलावरचे घड्याळ आणि कोठीचे घड्याळ यांपैकी खरे कोणते, यावर संशोधकांत बराच काळ वाद चालला. एचसीएन रोखला तर वेग कमी होतो, ठोके थांबत नाहीत. रायनोडिन या रसायनाने कोठी निकामी केली तरीही वेग प्रामुख्याने घटतोच. आमच्या मते यातून एकच निष्कर्ष निघतो: दोन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत आणि एक लंगडले तर दुसरे बऱ्याच अंशी सांभाळून घेते. एकाच चॅनेलला ‘पेसमेकर चॅनेल’ म्हणून शिकवणे सोपे असते, पण त्याने समज अर्धवट राहते.

पायरी ५ आणि ६: उसळी आणि उतार

६०० मिलिसेकंदाला आलेखावर उणे ४० चा ठिपका द्या. हा उंबरठा. इथे एल प्रकारचे चॅनेल मोठ्या संख्येने उघडतात आणि व्होल्टेज अधिक १० ते २० पर्यंत जाते. पण ही उसळी कॅल्शियमची आहे, सोडियमची नाही, म्हणून ती संथ असते. सेकंदाला १० व्होल्टपेक्षा कमी. निलयाच्या पेशीत हाच दर २०० व्होल्टच्या पुढे असतो. आलेखावर उसळी काटकोनात काढू नका, तिला कल द्या.

मग कॅल्शियमचे चॅनेल मिटतात, पोटॅशियमचे उघडतात, आणि ८०० ला आपण पुन्हा उणे ६० वर. निलयाच्या आलेखात दिसते तसे लांब सपाट पठार इथे नसते. चढाला अवस्था ४, उसळीला ०, उताराला ३ म्हणतात. १ आणि २ या पेशीत ठळकपणे नसतातच.

आता तीन गोष्टी हलवून पाहा

उसळी आणि उतार मिळून २०० मिलिसेकंद धरा. उरतात ६००. तेवढ्यात २० मिलिव्होल्ट चढायचे, म्हणजे चढ सेकंदाला सुमारे ३३ मिलिव्होल्ट.

चढ दुप्पट करा. २० मिलिव्होल्टला ३०० मिलिसेकंद लागतील, एकूण ५००, वेग १२०. चढ निम्मा केला तर १,२०० अधिक २००, म्हणजे १,४०० मिलिसेकंद आणि वेग जेमतेम ४३. चढ तोच ठेवून तळ उणे ७० वर न्या. ३० मिलिव्होल्टला ९०० लागतील, एकूण १,१००, वेग ५५. तळ आणि चढ तेच ठेवून उंबरठा उणे ३५ वर सरकवा. २५ मिलिव्होल्टला ७५० लागतील, वेग ६३. कागदावर हे चारही चढ वेगळ्या रंगांत काढले की निम्मे शरीरक्रियाशास्त्र डोळ्यांसमोर येते.

हा तोल किती नाजूक आहे तेही मोजता येते. पेशीपटलाची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, ५० पिकोफॅरड धरली आणि ३३ मिलिव्होल्ट प्रति सेकंदाने गुणले, तर लागणारा निव्वळ प्रवाह येतो १.६५ पिकोअँपिअर. पोटॅशियमचा एखादा चॅनेल उघडला की त्यातूनही साधारण याच पातळीचा प्रवाह जाऊ शकतो. आत येणारे आणि बाहेर जाणारे प्रवाह प्रत्यक्षात याहून मोठे असतात, ठोका ठरतो तो त्यांच्यातल्या या बारीक फरकावर. म्हणूनच थोडे औषध, थोडा ताप, थोडी भीती एवढ्यानेही नाडी लगेच बदलते.

नसा काय करतात

हृदयाचा वेग वाढवणाऱ्या सिंपथेटिक नसांतून नॉरअॅड्रेनलिन येते, बीटा-१ रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) लागते आणि सायक्लिक एएमपी वाढतो. एचसीएन४ सहज उघडतो, कॅल्शियम चॅनेलमधून जास्त प्रवाह येतो, कोठी लवकर भरते. सगळ्यांचा परिणाम एकच, चढ उभा होतो.

हृदयाचा वेग कमी करणाऱ्या व्हेगस नसेमधून अॅसिटिलकोलिन येते आणि एम२ रिसेप्टरला लागते. ते दोन कामे करते. सायक्लिक एएमपी कमी करून चढ आडवा करते आणि एक खास पोटॅशियम चॅनेल उघडून तळही खाली खेचते. दुसऱ्या कामात मधल्या रसायनांची साखळी फार छोटी आहे, म्हणून व्हेगसचा परिणाम पुढच्या एकदोन ठोक्यांतच दिसतो. सिंपथेटिकला त्याहून जास्त वेळ लागतो. श्वास सोडताना नाडी मंदावते आणि घेताना वाढते, ही तरुणांत स्पष्ट दिसणारी लय या चपळाईमुळेच शक्य होते.

विश्रांतीत व्हेगसचा वरचष्मा असतो. अॅट्रोपिन आणि प्रोप्रॅनोलॉल देऊन (पहिले व्हेगसचा परिणाम अडवते, दुसरे सिंपथेटिकचा) दोन्ही नसांचा प्रभाव काढला तर उरतो तो नोडचा मूळ वेग. त्याचे रूढ सूत्र आहे ११८.१ वजा (०.५७ गुणिले वय). विशीत तो साधारण १०७, साठीत ८४. प्रत्यारोपण केलेल्या हृदयात हेच दिसते. त्याच्या नसा तुटलेल्या असल्याने विश्रांतीतली नाडी बहुधा ९० ते १०० च्या आसपास असते, अॅट्रोपिनचा नेहमीचा परिणाम होत नाही, आणि व्यायामात वेग सावकाश वाढतो, कारण तो रक्तातून येणाऱ्या अॅड्रेनलिनवर अवलंबून असतो.

ठोका बाहेर कसा पडतो

पेशीने ठोका तयार केला म्हणजे काम झाले असे नाही. शेजारी अलिंदाचा मोठा स्नायू उणे ८० च्या आसपास बसलेला असतो. तो नोडशी सगळीकडून घट्ट जोडलेला असता, तर त्याने या छोट्या पेशींना खाली ओढून त्यांचा चढच मारून टाकला असता. म्हणून नोडच्या मध्यभागी पेशींमधले जोड कमी वाहकतेचे, कोनेक्सिन ४५ या प्रथिनाचे असतात, आणि भोवती तंतुमय ऊती, चरबी व रक्तवाहिन्यांचे कुंपण असते. बाहेर पडायला मोजक्याच वाटा असतात. काठावरच्या पेशींत सोडियम चॅनेल आणि जास्त वाहक जोड असतात आणि तेच ठोका अलिंदात ढकलतात. सोडियम चॅनेलच्या जनुकदोषात मध्यभाग ठीक चालूनही ठोका बाहेर पडत नाही, तो यामुळे.

सगळ्या पेशींचा वेग सारखा नसतो. सिंपथेटिक जोर वाढला की नोडच्या वरच्या टोकाच्या पेशी पुढाकार घेतात, व्हेगस वाढला की खालच्या. ईसीजीत दुसऱ्या लीडमधली पी लहर, म्हणजे अलिंदाच्या ठोक्याची खूण, धावल्यावर उंच आणि झोपेत बुटकी दिसू शकते. तो दोष समजू नका.

राखीव फळी

अलिंद आणि निलय यांच्या सांध्यातले एव्ही जंक्शन मिनिटाला ४० ते ६० आणि निलयांत ठोका पसरवणारे पर्किंजे तंतू २० ते ४० वेगाने स्वतःहून ठोके देऊ शकतात. एसए नोड चालू असताना ते गप्प असतात, कारण त्यांचा चढ पूर्ण व्हायच्या आत वरून ठोका येतो. शिवाय वारंवार ठोके बसल्याने पेशीत सोडियम साचतो. तो उपसायला सोडियम-पोटॅशियम पंप जोरात चालतो. तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, म्हणजे दर फेरीला एक धन भार बाहेर आणि पेशी खाली दाबलेली. वरचा ठोका अचानक थांबला तर हा दाब ओसरेपर्यंत राखीव फळी जागी होत नाही, आणि त्या काही सेकंदांत माणूस चक्कर येऊन पडू शकतो.

एसए नोडलाही हेच होते. अलिंदाची वेगवान धडधड थांबल्यावर दुबळा नोड बराच वेळ उठत नाही. हे तपासण्यासाठी अलिंदाला ३० ते ६० सेकंद वेगाने पेसिंग, म्हणजे बाहेरून विद्युत ठोके, देऊन थांबवतात आणि नोडचा पहिला ठोका किती वेळाने येतो ते मोजतात. १,५०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर नोड आजारी असल्याचा संशय घट्ट होतो.

काय बिघडते आणि का

बीटा ब्लॉकर सायक्लिक एएमपी कमी ठेवून चढ आडवा करतात. वेरापामिल आणि डिल्टियाझेम कॅल्शियमच्या दारावर बसतात. बीटा ब्लॉकर आणि या दोघांपैकी एखादे एकत्र पडले तर पटलाचे आणि कोठीचे अशा दोन्ही घड्याळांना एकदम फटका बसतो, म्हणून ही जोडी टाळतात. आयव्हाब्रॅडिन फक्त एचसीएन रोखते. ते चॅनेल उघडा असताना आतल्या बाजूने शिरते, म्हणून वेगवान नाडीवर अधिक परिणाम करते. नेहमीची सुरुवात ५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कमाल ७.५ मिलिग्रॅम दोनदा. डोळ्याच्या पडद्यावरही याच कुळातले चॅनेल असल्याने काहींना नजरेसमोर उजेडाचे चमकारे दिसतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे अलिंदाच्या अनियमित फडफडीत, हे औषध नाडी आवरत नाही, कारण तिथे ठोक्यांची सूत्रे एसए नोडच्या हाती नसतात.

रक्तातला पोटॅशियम धोकादायक वाढला की ईसीजीवरची पी लहर नाहीशी होऊ शकते. नोड बंद पडला असे चटकन वाटते, पण अनेकदा तो चालू असतो. अलिंदाचा स्नायू आयके१ मुळे पोटॅशियमला लगेच बळी पडतो, आयके१ जवळजवळ नसलेला नोड जास्त तग धरतो. ठोका अलिंदातल्या तग धरलेल्या वाटांनी खाली जातो, पी लहर मात्र उमटत नाही. इथे आधी पोटॅशियमवर उपचार लागतो, आणि तोही घाईने.

तापात सेल्सिअसच्या दर अंशामागे नाडी साधारण १० ने वाढते, कारण चॅनेलच उष्णतेत चपळ होतात. थायरॉइडचे संप्रेरक कमी असेल तर नाडी मंदावते. वयानुसार नोडमध्ये तंतुमय ऊती वाढते आणि बाहेर पडण्याच्या वाटा अडतात.

शेवटी ईसीजीकडे. एसए नोडचा स्वतःचा ठोका त्यावर दिसत नाही, दिसते ती अलिंदाची पी लहर. त्यामुळे मध्येच पी लहर हरवली तर दोन शक्यता उरतात: नोडने ठोका दिलाच नाही, किंवा दिला पण बाहेर पडला नाही. कंपास घ्या, नेहमीचे दोन पी लहरींमधले अंतर मोजा आणि ते रिकाम्या जागेवर ठेवून पाहा. जागा त्या अंतराच्या अचूक दुप्पट किंवा तिप्पट भरली तर आत घड्याळ चालू आहे आणि अडथळा दारात आहे. कोणत्याच पटीत बसली नाही तर नोडच थबकला असण्याची शक्यता जास्त. मोजण्याआधी अलीकडच्या पलीकडच्या पाचसहा ठोक्यांत श्वासामुळे अंतर मुळातच कमीजास्त होत नाही ना, हे नक्की पाहा, नाहीतर पटींचा हिशेब लागू पडत नाही. आणि विराम संपवणारा ठोका पी लहरीविना आला असेल, तर तो एव्ही जंक्शनने किंवा पर्किंजे तंतूंनी दिलेला आहे.